आडाम रीस : नवं काहीच न शोधलेला हिशेबाचा मास्तर

मला आलेला प्रश्न असा आहे : माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे. हॉटेलात बिल वाटून घेताना तिथल्या सहकाऱ्यानं आकडेमोड केली आणि म्हणाला, "नाख आडाम रीझे, इतके इतके युरो." म्हणजे 'आडाम रीझेच्या हिशेबानं'. हा माणूस कोण? मोठा गणिती होता का? त्यानं शोधलं काय, आणि पाचशे वर्षांनीही त्याचं नाव बिलावर कसं?

शोधलं म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही. त्याच्या नावाचं प्रमेय नाही, सूत्र नाही, चिन्हसुद्धा नाही. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली बरीचशी गणिताच्या इतिहासाच्या नादात घालवली. इतक्या रिकाम्या हातानं इतकं मोठं नाव मिळवलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही. म्हणूनच तो मला आवडतो. युलर, गाउस यांसारख्या थोर गणितींपुढं आपण हात जोडतो. रीसच्या शेजारी मात्र बाक ओढून बसावंसं वाटतं, कारण तो आमच्याच धंद्यातला आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आडनाव 'रीस'. 'नाख' या शब्दापुढं जुन्या जर्मनमध्ये नावाला प्रत्यय लागायचा, त्यातून 'रीझे' झालं आणि म्हणीत तसंच गोठलं. 'रीझे' म्हणजे महाकाय राक्षस असाही अर्थ असल्यानं जर्मन लोक त्यावर कोट्या करतात, पण मूळ आडनावाशी त्या अर्थाचा संबंध जोडायचं कारण नाही.

जन्म १४९२ चा, श्टाफेलश्टाइन गावचा. हे आज बव्हेरियाच्या उत्तर भागात येतं. नेमकी तारीख कुठंही नोंदलेली नाही. वर्ष कळतं तेही हिशेबानंच : १५५० मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे आणि त्याभोवती 'वय ५८' असं कोरलेलं आहे. पन्नासातून अठ्ठावन्न जात नाहीत, शतकाकडून उसने घ्या, आले ब्याण्णव. हिशेबाच्या मास्तराचं जन्मवर्ष वजाबाकी करून काढावं लागतं याची मला दर वेळी गंमत वाटते. बाप गिरणीमालक होता. लहानपणी तो कुठं काय शिकला याचा माग लागत नाही. विद्यापीठाची पायरी चढल्याचा पुरावा नाही.

१५१८ च्या सुमारास तो एर्फुर्टला आला आणि त्यानं हिशेबाची शाळा काढली. तेव्हाच्या लॅटिन शाळांत व्याकरण, वक्तृत्व, धर्म शिकवत; कापडाचा भाव आणि व्याजाचा दर तिथं कोण सांगणार? व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या पोरांना हिशेब शिकवणारे खासगी मास्तर असत. त्यांना जर्मनमध्ये 'रेशेनमाइस्टर' म्हणत. म्हणजे आपल्याकडच्या गावठी शाळेतले पंतोजीच, फक्त यांच्याकडं येणारा मुलगा उद्या न्यूर्नबेर्ग नाहीतर लाइपझिगच्या बाजारात उभा राहणार असे. रीस त्यातलाच एक. एर्फुर्टमध्येच त्यानं दोन पुस्तकं लिहिली. पहिलं १५१८ चं, फक्त रेघांवरच्या हिशेबाचं. दुसरं १५२२ चं, 'रेघांवरचा आणि लेखणीचा हिशेब' अशा अर्थाच्या नावाचं. या दुसऱ्या पुस्तकाच्या पुढं शंभराहून जास्त आवृत्त्या निघाल्या. तो गेल्यावरही शंभर वर्षं ते छापलं जात होतं.

रेघांवरचा हिशेब ही काय भानगड आहे, ते जरा जवळून पाहू, कारण रीसची सगळी करामत तिथंच आहे.

एक फळी घ्या, नाहीतर सरळ जमीन. खडूनं चार आडव्या रेघा मारा. सगळ्यांत खालची एककाची, मग दहाची, शंभराची, हजाराची. हजाराच्या रेघेवर फुली मारतात, नजर चुकू नये म्हणून. दोन रेघांमधली मोकळी जागाही कामाची : एकक आणि दहा यांच्या मधे ठेवलेली सोंगटी पाचाची, दहा आणि शंभर यांच्या मधली पन्नासाची, त्याच्या वरची पाचशेची. युरोपात यासाठी धातूच्या खास चकत्या पाडत. न्यूर्नबेर्ग त्यासाठी प्रसिद्ध होतं. मी वर्गात चिंचोके वापरायचो.

आता ३७८ मांडू. शंभराच्या रेघेवर तीन चिंचोके. सत्तरसाठी पन्नासाच्या घरात एक आणि दहाच्या रेघेवर दोन. आठसाठी पाचाच्या घरात एक आणि एककाच्या रेघेवर तीन. त्यातच २६७ मिळवायचे : शंभराला दोन, पन्नासाच्या घरात एक, दहाला एक, पाचाच्या घरात एक, एककाला दोन. बेरीज खरं तर झालीच, आता फक्त आवराआवर. नियम दोनच : रेघेवर पाच जमले की ते उचला आणि वरच्या घरात एक ठेवा, घरात दोन जमले की ते उचला आणि वरच्या रेघेवर एक ठेवा. एककाला तीन आणि दोन पाच झाले, उचला, पाचाच्या घरात एक. तिथं आता तीन. दोन उचला, दहाच्या रेघेवर एक. दहाच्या रेघेवर चार झाले, तिथं काही करायचं नाही. पन्नासाच्या घरात दोन आहेत, उचला, शंभरावर एक. शंभरावर सहा झाले. त्यातले पाच उचला, पाचशेच्या घरात एक, खाली एक उरला. आता वरून वाचा : पाचशे, शंभर, चाळीस, पाच. ६४५.

सहावीच्या एका मुलीनं हे करताना उचललेले चिंचोके मुठीत धरून मला विचारलं होतं, "सर, म्हणून 'हातचा' म्हणतात का?" आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर 'हातचा एक' लिहितो आणि पोरं ते मंत्रासारखं म्हणतात. हातात खरोखर काही धरलेलं असतं हे त्यांना कुठं दिसतं?

रीसला हे दिसलं होतं. तो सांगतो ते असं : पोरांना शिकवताना माझ्या ध्यानात आलं की जे रेघांपासून सुरुवात करतात ते, थेट लेखणीनं आकडे गिरवायला लागणाऱ्यांपेक्षा, हिशेबात जास्त तयार आणि चपळ होतात. हे मत पोथीतून आलेलं नाही, वर्गातून आलेलं आहे. मला त्याची थोरवी या एका वाक्यात दिसते. त्या काळात दोन तट होते : जुने लोक सोंगट्यांनी हिशेब करत आणि उत्तर रोमन अक्षरांत लिहीत, नवे लोक हिंदुस्थानातून अरबांमार्फत आलेले दहा आकडे वापरून कागदावर करत. रीस कुठल्याच तटात बसला नाही. त्यानं सोंगटीला लेखणीची पायरी केलं. रेघ म्हणजे स्थान, हे एकदा हाताला कळलं की कागदावरचा एकक-दहम-शतक आपोआप कळतो. मग शून्य का लागतं तेही कळतं : ज्या रेघेवर सोंगटी नाही, तिथं लेखणीला काहीतरी खूण करावीच लागते.

लेखणीचा दुसरा मोठा फायदा म्हणजे मागं खूण राहते. सोंगट्यांचा हिशेब पूर्ण झाला की आधीची मांडणी मोडलेली असते. चूक कुठं झाली हे शोधायला काही उरत नाही. कागदावर उरतं. म्हणून रीस प्रत्येक क्रियेनंतर पडताळा घ्यायला लावतो, त्यात नवांचा पडताळाही आहे. ३७८ चे अंक मिळवा, अठरा, नऊ टाकत गेलं की शून्य. २६७ चे पंधरा, नऊ टाकले, सहा. शून्य आणि सहा, सहा. उत्तर ६४५, त्याचे पंधरा, तेही सहा. जमलं. (६५४ लिहिलं असतं तरीही सहाच आलं असतं. आकड्यांची अदलाबदल या पडताळ्याला कळत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवावं.)

त्याच्या पुस्तकात बेरीज-वजाबाकीनंतर दुप्पट करणं आणि निम्मं करणं या वेगळ्या क्रिया म्हणून येतात, मग गुणाकार-भागाकार. आजच्या पोराला हे विचित्र वाटेल, पण ज्यांनी निमकी, पावकी, दिडकी म्हटली आहे त्यांना नाही वाटणार. आणि हो, पाढे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, हेही त्यानं स्पष्टच सांगितलेलं आहे.

आता पुस्तकाचा गाभा. रीसच्या पुस्तकातलं एक गणित असं : ३२ एल कापडाला २८ गुल्डन पडतात, तर ६ एलला किती? एल म्हणजे आपल्या हातासारखं माप, गुल्डन हे तिथलं नाणं. तो सांगतो, जे काढायचं आहे ते शेवटी लिही. त्याच जातीचं जे आहे ते आधी लिही. वेगळ्या जातीचं मधे. मग शेवटच्यानं मधल्याला गुण आणि पहिल्यानं भाग. सहा गुणिले अठ्ठावीस, १६८. भागिले बत्तीस, सव्वापाच. गुल्डनचे ग्रोशेन २१, ग्रोशेनचे फेनिग १२. पाव गुल्डन म्हणजे सव्वापाच ग्रोशेन, त्यातला पाव ग्रोशेन म्हणजे तीन फेनिग. उत्तर : ५ गुल्डन, ५ ग्रोशेन, ३ फेनिग.

हे वाचून आपल्या आजोबांच्या पिढीतला कुणीही म्हणेल, अरे, हे तर त्रैराशिक! आहेच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० मध्ये, 'प्रमाणमिच्छा च समानजाती आद्यन्तयोः' असं म्हटलंय : प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची, ती पहिल्या आणि शेवटच्या जागी, वेगळ्या जातीचं फळ मधे. फळाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा. मांडणी हुबेहूब तीच. भास्कराचार्यांच्याही आधी आर्यभट, ब्रह्मगुप्त यांच्याकडं ही रीत आहे. अरबांकडून ती इटलीच्या व्यापाऱ्यांकडं गेली, तिथून आल्प्स ओलांडून दक्षिण जर्मनीच्या शहरांत.

इथं आमच्याकडचे बरेच जण छाती फुगवून थांबतात. मी थांबत नाही, कारण पुढचा भाग जरा बोचणारा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट, केवढी दूरदृष्टी! पण ते ज्ञान संस्कृत श्लोकात होतं आणि छापखाना आपल्याकडं पोचायला फार वेळ होता. रीसनं तेच त्रैराशिक बाजारात बोलल्या जाणाऱ्या जर्मनमध्ये लिहिलं. छापखाना हाताशी होताच. कापडवाल्याच्या मुलानं ते विकत घेतलं आणि घरी बसून शिकला. रीत कुणाची, हा एक प्रश्न. ती गल्लीत कुणी पोचवली, हा दुसरा. आणि रीसचं मोठेपण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

या वाटेवरही तो पहिला नव्हता, हे सांगायला हवं. त्याच्या जन्माआधीच, १४८० च्या दशकात, बाम्बेर्गला जर्मन भाषेत हिशेबाची पुस्तकं छापली गेली होती. योहानेस विडमानचं पुस्तक १४८९ मध्ये लाइपझिगला निघालं; अधिक-उणेची चिन्हं छापील स्वरूपात पहिल्यांदा त्यातच दिसतात. "रीसनं जर्मनीत आपले आकडे आणले" असं जे सर्रास लिहिलं जातं ते चूक आहे. आकडे आलेले होते. ते वापरण्याची सवय त्यानं लावली. विडमानचं पुस्तक उघडून पाहिलं तर नियमांचा नुसता भडिमार आहे. रीसकडं एक नियम, मग गणितं, आणखी गणितं, मग पुढचा नियम. 'असं कर' म्हणून सांगतो आणि करवून घेतो. का, ते फारसं सांगत नाही. आजच्या शिक्षणशास्त्राला हे खटकेल आणि थोडंसं मलाही खटकतं.

१५२२-२३ च्या सुमारास तो आनाबेर्गला गेला आणि आयुष्यभर तिथलाच झाला. हे गाव सॅक्सनीच्या डोंगरात, १४९६ मध्ये वसवलेलं. कारण एकच, चांदी. डोंगरात चांदी सापडली आणि पाहता पाहता शहर उभं राहिलं. १५२५ मध्ये त्यानं फ्रायबेर्गच्या एका कुलूपवाल्याच्या मुलीशी, आना लॉयबरशी, लग्न केलं, घर घेतलं, नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या घरात आज त्याचं संग्रहालय आहे.

चांदीच्या गावात हिशेबनिसाला काय तोटा! खाणीचे १२८ भाग पाडलेले असत आणि ते भाग दूरदूरचे लोक विकत घेत, आजच्या शेअरसारखे. तिमाहीला हिशेब व्हायचा : चांदी निघाली तर भागाप्रमाणं वाटप, नाही निघाली तर खर्चासाठी भागधारकांनीच पदरचे पैसे घालायचे. यात चुकीला आणि लबाडीला केवढी जागा असेल, कल्पना करा. रीस तिथं खाणींच्या हिशेबाचा अधिकारी झाला, पुढं गायर गावच्या खाणींत राज्यकर्त्याचा दशमांश वसूल करण्याचं कामही त्याच्याकडं आलं. शिवाय घरी शाळा चालूच. म्हणजे पुस्तकातल्या गणितांत चांदीचा कस, मिश्रधातूचं प्रमाण, भागीदारीचा नफा हे जे येतं, ते त्याच्या कचेरीतल्या टेबलावरून आलेलं आहे.

पण मला सगळ्यांत आवडतं ते त्याचं पावाचं काम. तेव्हा बऱ्याच शहरांत पावाचा भाव ठरलेला असे : एका फेनिगला एक पाव. धान्य महागलं तरी भाव तोच, बदलायचं वजन. धान्य दुप्पट महाग तर पाव निम्म्या वजनाचा. आनाबेर्गच्या नगरपालिकेसाठी रीसनं १५३३ मध्ये कोष्टकांची एक पुस्तिका तयार केली आणि १५३६ मध्ये ती लाइपझिगला छापली गेली. धान्याचा आजचा भाव शोधा, समोर पावाचं वजन वाचा. भट्टीवाल्यानं किती वजनाचा पाव द्यायला हवा हे आता ज्याला वाचता येतं त्या कुणालाही तपासता यायला लागलं. गणिताच्या भाषेत हे व्यस्त त्रैराशिक, 'लीलावती'त तेही आहे. आपल्याला उदाहरण फार लांब शोधायला नको : पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, फक्त आतली बिस्किटं कमी झाली. फरक इतकाच की आपल्या पुड्याचं कोष्टक नगरपालिकेनं भिंतीवर लावलेलं नाही.

'नाख आडाम रीझे' ही म्हण इथून समजून घ्यावी, असं माझं मत आहे. 'हुशारीचा हिशेब' असा तिचा भाव नाही. 'कुणीही करून पाहा, हेच येईल' असा आहे. दोघांत वाद झाला, त्रयस्थ म्हणून रीसची रीत बोलावली.

त्याच्या पुस्तकातलं एक गमतीचं गणितही सांगतो, भाच्याच्या हॉटेलच्या बिलाला शोभेल असं. २१ जण, काही पुरुष, काही बायका, मिळून ८१ फेनिगची पितात. पुरुषानं ५ द्यायचे, बाईनं ३. पुरुष किती, बायका किती? समीकरण मांडू नका. सगळ्या बायकाच धरा : त्रेसष्ट फेनिग. कमी पडले अठरा. एका बाईच्या जागी पुरुष बसवला की दोन वाढतात. म्हणजे नऊ पुरुष, बारा बायका.

एक दंतकथाही त्याच्या नावावर खपते. एका नकाशे काढणाऱ्यानं पैज लावली की ठरल्या वेळात जास्त काटकोन कोण काढतो. तो बिचारा कंपास घेऊन एकेक लंब काढत बसला. रीसनं एक अर्धवर्तुळ काढलं आणि व्यासाची दोन टोकं वर्तुळावरच्या बिंदूंना जोडत सुटला. अर्धवर्तुळातला कोन काटकोनच. गोष्ट खरी असेल असं मला वाटत नाही, पण वर्गात फार उपयोगी पडते.

मग तो फक्त हिशेबनीस होता का, बीजगणित त्याला येत नव्हतं का? येत होतं, आणि चांगलं येत होतं. एर्फुर्टमध्ये गेओर्ग श्टुर्ट्स नावाच्या एका विद्वान वैद्याशी त्याची ओळख झाली होती. त्याच्याच प्रोत्साहनानं रीसनं बीजगणितावरचा मोठा ग्रंथ लिहिला, १५२४ मध्ये. नाव 'कॉस'. इटालियन भाषेत 'कोझा' म्हणजे वस्तू. अज्ञात राशीला ते 'वस्तू' म्हणत, जसं आपल्याकडं 'यावत्तावत्'. पण हा ग्रंथ छापला गेला नाही. पुढच्याच वर्षी, १५२५ मध्ये, क्रिस्टोफ रुडोल्फचं जर्मन बीजगणित श्ट्रासबुर्गला निघालं. वर्गमूळाचं आजचं चिन्ह त्यातच पहिल्यांदा छापलेलं सापडतं. मान त्याला मिळाला. रीसचं हस्तलिखित तसंच राहिलं. १५५० मध्ये त्याचं तिसरं आणि सगळ्यांत मोठं पुस्तक आलं, ते पुन्हा हिशेबाचंच, वयाची नोंद असलेलं चित्र ज्यात आहे ते. १५५९ मध्ये तो गेला. मुलांनीही हाच धंदा धरला; आब्राहामनं आनाबेर्गची शाळा पुढं चालवली.

'कॉस' शेवटी छापला गेला तो त्याच्या जन्माला पाचशे वर्षं झाली तेव्हा, १९९२ मध्ये. १९९२ मधून १५२४ गेले, उरले ४६८. नवांचा पडताळा घेऊन पाहा.